सुलोनं परत मागितलेल्या अकरा रायफली

पाद्री चांगला माणूस आहे, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण नवा आहे. त्यानं अंत्यविधीला सांगितलं की केंतालांचा सुलो बंदुका दुरुस्त करायचा. मी पुढच्याच बाकावर होते, तिथंच उठून बोलावंसं वाटलं. दुरुस्त नव्हे. सुलो लष्कराच्या रायफली घेऊन त्यातून शिकारीच्या रायफली काढायचा. मोडलेली वस्तू दुरुस्त करतात. त्या रायफली मोडलेल्या नव्हत्या, त्या फक्त चुकीच्या कामासाठी बनवलेल्या होत्या, असं तो म्हणायचा.

मी त्याची धाकटी बहीण, इंपी. लग्न केलं नाही, जन्मभर त्याच घरात राहिले. त्यामुळे जे सांगते ते डोळ्यांनी बघितलेलं आहे.

पंचेचाळीस साली लढाई संपल्यावर आमच्या गावात लाहतीच्या दुकानात लाकडी पिंपं आली होती. खिळे यावेत तशा त्यात लष्करांनी विकून टाकलेल्या रायफली उभ्या. जर्मन मौझर, चेक मौझर, आणखी कुठकुठल्या. नखशिखांत घट्ट तपकिरी ग्रीसमध्ये बुडवलेल्या. तांब्याच्या खाणीतल्या माणसाला दुकानातली नवी शिकारी रायफल परवडायची नाही, पण पिंपातली परवडायची. घरी आणली की कळायचं, ही तर ओंडका आहे. साडेनऊ-दहा पौंडांची, नळीच्या टोकापर्यंत लाकूड. बर्फातून दिवसभर खांद्यावर वाहायची म्हणजे शिक्षाच.

मग ती सुलोकडं यायची.

पहिल्यांदा ग्रीस. लोखंडाचं ग्रीस उकळत्या पाण्यानं जातं, पण लाकडात मुरलेलं जात नाही. त्यासाठी सुलो दस्ते, म्हणजे रायफलींची लाकडी अंगं, साउनात ठेवायचा, आमच्या वाफेच्या न्हाणीघरात. शनिवारी आम्ही सगळे वाफ घ्यायला बसायचो तेव्हा वरच्या फळीवर आमच्या शेजारी तीन-चार दस्ते उभे, आणि आमच्यासारखेच घाम गाळतायत. आई चिडायची. "साउना माणसांसाठी असते. इथं तू जन्मलास, तुझ्या बापाला इथं शेवटचं धुतलं. आणि आता सैनिकांची लाकडं बसवतोस?"

"आई, त्यांनापण लढाईचा मळ काढायचाय," सुलो म्हणायचा.

मग दस्ता कापायचा. पुढचं लाकूड अर्ध्यावर आणायचं, हाताच्या मुठीत बसेल असं निमुळतं करायचं, काचेच्या तुकड्यानं खरवडून गुळगुळीत करायचं. नळी छाटायची आणि तिचं तोंड परत नीट गोल करायचं, कारण तोंडाला केसाएवढा ओरखडा असला तरी गोळी भलतीकडं जाते. ज्याला दुर्बीण बसवायची असेल त्याच्या रायफलीला वर भोकं पाडून आटे काढायचे. शेवटी जवसाचं तेल. ते काम माझं. बोटावर चार थेंब घ्यायचे आणि तळहातानं लाकूड गरम होईपर्यंत चोळायचं, परत दुसऱ्या दिवशी, असं तीन आठवडे. गावातल्या किती माणसांच्या गालाला नेम धरताना माझ्या हातचं तेल लागलंय ते मला ठाऊक आहे.

आणि बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा पोलादी दट्ट्या. लष्करी मौझरच्या बोल्टची दांडी सरळ आडवी बाहेर असते, दाराच्या कडीसारखी. ती वर उचलली की दुर्बिणीवर आपटते. शिवाय झाडीत अडकते. म्हणून ती तापवून लाल करायची आणि खाली वाकवायची. ऐकायला सोपं आहे. पण बोल्टला कारखान्यात पाणी दिलेलं असतं, म्हणजे वरून कडक केलेला असतो, आणि दांडी तापवताना ती गरमी बोल्टच्या अंगात शिरली की ते पाणी उतरतं. बोल्ट वरून तसाच दिसतो, चकचकीत. आतून नरम झालेला असतो. त्याच्या पुढच्या टोकाला दोन कान असतात, तेच काय ते काडतूस उडताना सगळा जोर अंगावर घेतात. ते नरम पडले की बोल्ट मागं सरकायला लागतो. आज एक केस, उद्या एक केस. आणि त्या बोल्टच्या मागं काय असतं? माणसाचा डोळा.

सुलो खाणीच्या वर्कशॉपमध्ये होता तेव्हा हे काम तिथल्या गॅसच्या ज्योतीवर करायचा. बोल्टला ओलं फडकं गुंडाळायचं, दोन मिनिटांत दांडी लाल, एक घाव, झालं. सात वर्षांत एकही बोल्ट बिघडला नाही.

अठ्ठावन्न साली आमच्या बाजूचा खाणीचा शाफ्ट बंद झाला. वर्कशॉपही बंद. सुलो बेचाळीस वर्षांचा होता. अर्धं गाव डेट्रॉइटला मोटारीच्या कारखान्यात गेलं. सुलो म्हणाला, मी रायफलींवर जगेन. आणि खरंच, त्या उन्हाळ्यात एवढं काम आलं की माझे तळहात जवसाच्या तेलानं पिवळे झाले.

फक्त गॅसची ज्योत नव्हती. मग त्यानं साउनाची भट्टी घेतली. हसू नका. आमच्या लोकांत साउनात होत नाही असं काम नाही. मासे तिथं धुरावतो, अंबाडी तिथं वाळवायचो, बाळंतपण तिथं. सुलोनं भट्टीत बर्चचे निखारे केले, जुना भाता लावला, बोल्टला ओलं फडकं गुंडाळलं आणि दांडी निखाऱ्यात धरली. दोन मिनिटांऐवजी पंधरा मिनिटं लागायची. मी शेजारी बसून साउनाच्या डावानं फडक्यावर पाणी ओतायचे. छान वाफ यायची. आम्हाला दोघांनाही वाटायचं, किती व्यवस्थित चाललंय.

असे अकरा बोल्ट आम्ही वाकवले. अकरावा कॅप्टन पेंगेलींचा.

कॅप्टन म्हणजे लष्करातले नव्हेत, खाणीतले, मजुरांवरचे मुख्य. कॉर्निश माणूस, विलायतेतल्या जुन्या खाणींच्या मुलखातला. आमच्या गावात कॉर्निश लोक कॅप्टन व्हायचे आणि आमच्यासारखे फिन लोक ढकलगाड्या ढकलायचे, तसंच चालत आलेलं. पेंगेलींच्या हाताखाली माझा बाप राबला, सुलो राबला. फिनच्या हातात हातोडा दिला तर तो पहिल्यांदा स्वतःचा अंगठा शोधतो, असं ते चारचौघांत म्हणायचे. मी त्यांच्या घरी स्वयंपाकाला आणि साफसफाईला होते, त्यामुळे माझ्यासमोरपण म्हणायचे. मग म्हणायचे, "तू सोडून गं, इंपी."

तेव्हा ते सत्तरीला आले होते आणि नजर गेली होती. नळीच्या टोकावरच्या नुसत्या माशीवर नेम धरता येईना. मागच्या दोन नोव्हेंबरात त्यांनी हरीण बघितलं पण मारता आलं नाही, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, मिसेस पेंगेलींनी मला सांगितलं. दुर्बीण लावली तर दिसेल असं डॉक्टर म्हणाला. म्हणून ते आले. स्वतः, आमच्या दाराशी, रायफल घेऊन. सुलो त्या दिवशी जेवला नाही, नुसता ती रायफल पुसत होता.

अक्रोडाचा दस्ता केला त्यानं त्यांच्यासाठी. मी चार आठवडे तेल चोळलं. ऑक्टोबरात दिली तेव्हा कॅप्टननी खांद्याला लावली, काढली, परत लावली. मग लाहतीच्या दुकानात जाऊन सगळ्यांना दाखवली आणि म्हणाले, "हे एका फिननं केलंय." बस एवढंच. पण सुलोनं ते मला तीनदा सांगितलं.

आमच्याकडं हरणाच्या शिकारीचा सीझन पंधरा नोव्हेंबरला उघडतो. त्या वर्षी शनिवार होता. त्याआधीच्या मंगळवारी दुपारी वर्नर लाम्पी आला. त्याची रायफल सुलोनं जूनमध्ये केली होती. म्हणाला, "बोल्ट उचलायला जड जातोय. तेल घालून दे."

सुलोनं बोल्ट काढला, खिडकीपाशी नेला. बोल्टच्या मागं एक तिरकी खाच असते, बोल्ट उचलला की आतला तुकडा तिच्यावरून घसरत चढतो. त्या खाचेत चर पडला होता. ओल्या लाकडात खिळा ओढल्यासारखा.

त्यानं बारीक कानस घेतली. कडक पोलादावर कानस घसरते, काचेवर घसरावी तशी. ही चावली. मी भांडी घासत होते, मला तो आवाज ऐकू आला. कानस चावल्याचा आवाज वेगळा असतो.

मग त्यानं पुढच्या कानांवर लावली. एकावर घसरली. दुसऱ्यावर थोडी घसरली, थोडी चावली.

"काय रे?" वर्नर म्हणाला.

"ही रायफल इथं राहू दे."

"राहू दे काय? शनिवारी उघडतंय!"

"माहीत आहे मला कधी उघडतंय."

वर्नर बडबडत गेला. सुलो बाकावर बसून राहिला. मी म्हणाले, एकच खराब निघाला असेल. तो म्हणाला, "पंधरा मिनिटं, इंपी. पंधरा मिनिटं आपण गरमी आत मुरवत होतो. मांस शिजवावं तशी. फडकं ओलं होतं, पण फडक्याच्या आतलं पोलाद पीत होतं." मग म्हणाला, "अकराच्या अकरा."

"सगळे फुटतील?"

"कदाचित एकही फुटणार नाही. कदाचित एक फुटेल."

मी त्याला विचारलं नाही की आता काय करणार. मला भीती वाटत होती की तो गप्प बसेल, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती की बसणार नाही. नाव हे एकच होतं त्याच्याकडं. शाफ्ट बंद, दुसरा धंदा नाही. आणि माझी नोकरी कॅप्टनच्या घरी.

बुधवारी सकाळी मी पेंगेलींच्या स्वयंपाकघरात पेस्टीचं, म्हणजे मांस-सलगम भरलेल्या कॉर्निश करंजीचं, पीठ लाटत होते तर पुढच्या दाराची घंटा वाजली. मिसेस पेंगेली म्हणाल्या, "पुढच्या दारानं कोण आलं सकाळी?" मी बघितलं तर सुलो. त्या घरात आमचा माणूस पुढच्या दारानं कधी आला नव्हता. टोपी हातात, रविवारचा कोट.

कॅप्टन पाइप ओढत बसले होते. रायफल त्यांच्या मागं भिंतीवर.

"काय रे पोरा? कोण मेलं?"

"कुणी नाही, कॅप्टन. रायफल परत द्या."

"शनिवारी सीझन उघडतोय आणि तू बुधवारी रायफल मागतोस?"

"बोल्ट खराब आहे."

"कुणी केला खराब?"

"मी."

कॅप्टननी पाइप खाली ठेवला. सुलोनं सगळं सांगितलं, भट्टी, पंधरा मिनिटं, वर्नरचा बोल्ट. एक शब्द कमी नाही. कॅप्टनचा चेहरा लाल होत गेला.

"मी आठ गोळ्या मारल्यात. आठही निशाणाच्या कागदात."

"नववी फुटू शकते."

"आणि नाही फुटली तर?"

"तर दहावी."

"माझी रायफल चांगली आहे!"

"असेलही. मला सांगता येत नाही, म्हणून तर मागतोय."

"हे बघ," कॅप्टन उठले, "दोन वर्षं मला काही दिसलं नाही. या वर्षी दिसतंय. पुढच्या वर्षी मी असेन का, डोळे असतील का, देव जाणे. मी शनिवारी जाणार, ही रायफल घेऊन जाणार. तू तुझं तोंड घे आणि जा घरी."

"बोल्ट घेतल्याशिवाय जात नाही मी."

"बाहेर हो!"

सुलो बाहेर झाला. आणि पायरीवर बसला.

बर्फ पडत होतं, मोठं नाही, भुरभुर. रस्त्यावरून माणसं जात होती. पेंगेलींच्या पुढच्या पायरीवर केंतालाचा सुलो कोट घालून बसलाय म्हटल्यावर सगळे थांबून बघत होते. अर्धा तास झाला. कॅप्टननी आतून विचारलं, "गेला का तो फिन?"

"नाही, बसलाय," मिसेस पेंगेली म्हणाल्या.

"बसू दे. गार झाला की जाईल."

मी लाटणं खाली ठेवलं. "गार होऊन जाणाऱ्यातला नाही तो, कॅप्टन. लहानपणी बापानं एकदा घराबाहेर काढला होता तर गोठ्यात दोन दिवस राहिला. शेवटी बापच गेला बोलवायला."

"तुला कुणी विचारलं?"

"नाही विचारलं."

मिसेस पेंगेलींनी भट्टीतून पेस्टी काढली, फडक्यात गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. मी नेऊन दिली. सुलोच्या टोपीवर बोटभर बर्फ साठलं होतं. त्यानं पेस्टी खाल्ली, अर्धी झाल्यावर म्हणाला, "सलगम कमी घातलाय."

"इथं नोकरी जाते की राहते ते बघतेय मी, आणि तू सलगम मोजतोस?"

"तू कर तुझं काम. माझ्यामुळे तुला काढलं तर मला सांग, मग मी त्याचंपण बघतो."

दीड तासानं कॅप्टननी स्वतः दार उघडलं. "आत ये. माझ्या दारात फिन गोठून मेला तर लोक म्हणतील पेंगेलीनं शेवटी एक मारलाच." सुलो आत आला. त्याची बोटं वळत नव्हती, ते कॅप्टननी बघितलं. रायफल भिंतीवरून काढून टेबलावर ठेवली. "कानस आणलीस?"

"आणलीय."

"दे इकडं. तू नको करूस. तुला चावलेलीच ऐकू येईल. मी करतो."

सुलोनं बोल्ट काढून दिला, जागा दाखवली. कॅप्टननी चष्मा कपाळावर नेला, बोल्ट नाकाशी धरला आणि कानस ओढली. आयुष्यभर त्यांनी पोलादाची हत्यारं वापरली होती, त्यांना कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. एकदा ओढली, दुसऱ्यांदा ओढली नाही.

बोल्ट हळूच टेबलावर ठेवला. मग कॅप्टन म्हणाले, "किती आहेत असे?"

"अकरा."

"बाकीच्यांना सांगितलंस?"

"वर्नरची माझ्याकडंच आहे. बाकी कुणाला नाही, तुम्ही पहिले."

"का? मी जवळ राहतो म्हणून?"

"तुम्ही सगळ्यात जास्त ओरडणार म्हणून. तुमचं झालं की उरलेले सोपे."

मिसेस पेंगेलींना हसू आलं, त्यांनी ते पदरात, म्हणजे एप्रनमध्ये दाबलं. कॅप्टन हसले नाहीत. म्हणाले, "वीस वर्षं कुणाला कळलं नसतं. तुला ठाऊक आहे ना?"

सुलो म्हणाला, "खाणीत तुम्ही दर पाळीला छप्पर ठोकून बघायचात. आवाज पोकळ आला की आम्हाला मागं घ्यायचात, आणि आम्ही शिव्या द्यायचो की दिवस फुकट गेला. बहुतेक वेळा ते छप्पर पडायचं नाही. तरी ठोकायचात ना?"

कॅप्टननी खुंटीवरची टोपी काढली. मिसेस पेंगेलींकडं वळून म्हणाले, "बेसी, गाडी काढ. याला घरोघर जायचंय आणि याच्याकडं गाडी नाही."

नजरेमुळे कॅप्टनना गाडी चालवायला बंदी होती, म्हणून मिसेस पेंगेली चालवत होत्या. कॅप्टन शेजारी, सुलो मागं. बुधवार दुपार आणि गुरुवार. प्रत्येक दारात सुलो एकटाच उतरायचा आणि तेच सांगायचा, बोल्ट मी बिघडवलाय, परत द्या. कॅप्टन गाडीतच बसून राहायचे. मला नंतर मिसेस पेंगेलींनी सांगितलं की ते मुद्दाम काच खाली करून बसायचे, म्हणजे दारातल्या माणसाला दिसावं की आत कोण आहे. दोन घरी माणसं आधी नाही म्हणाली, मग गाडीकडं बघितलं आणि बोल्ट आणून दिला.

लाहतीनं दुकानातली उरलेली पिंपं उघडून दिली. सुलोनं एकेक बोल्ट काढून एकेका रायफलीत मापून बघितला, कारण कुठलाही बोल्ट कुठल्याही रायफलीत नीट बसत नाही, मधली जागा केसाएवढी कमी-जास्त झाली तरी चालत नाही. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत दहा रायफलींना दहा बोल्ट मिळाले. सगळ्यांच्या दांड्या सरळ आडव्या, लष्कराच्या होत्या तशा. सुंदर निमुळता दस्ता, त्याला माझं तेल, आणि बाजूला दाराची कडी.

वर्नर न्यायला आला तेव्हा दुकानात पाच-सहा जण होते. म्हणाला, "साउनात रायफली भाजतो आणि स्वतःला बंदूकवाला म्हणवतो. पुढच्या वेळी सांग, मी सॉसेज घेऊन येतो, तेपण भाज." सगळे हसले. सुलो म्हणाला, "सॉसेजला पंधरा मिनिटं बरोबर आहेत." आणि त्याचा बोल्ट परत एकदा मापला.

राहिली कॅप्टनची, दुर्बीण असलेली एकटी तीच. सरळ दांडीचा बोल्ट दुर्बिणीवर आपटतो. दुर्बीण काढली तर कॅप्टनना दिसत नाही. सुलोनं स्वतःची रायफल आणली. ती त्यानं चार वर्षांपूर्वी वर्कशॉपच्या ज्योतीवर केलेली, कानस लावून बघितली, घसरली. कॅप्टनची दुर्बीण तिच्यावर चढवली, आमच्या घरामागं तीन गोळ्या मारून नेम जुळवला आणि शुक्रवारी पोचती केली.

"मग तू कशानं जाणार?" कॅप्टननी विचारलं.

"या वर्षी मला घरात काम आहे."

चौदा वर्षांचा होता तेव्हापासून एक पंधरा नोव्हेंबर त्यानं चुकवला नव्हता. लढाईत होता ती तीन वर्षं सोडून. त्या शनिवारी पहाटे सगळ्या गावातून गाड्या जंगलाकडं गेल्या आणि माझा भाऊ स्वयंपाकघरात बसून काचेच्या तुकड्यानं एक जुना दस्ता खरवडत होता. आई म्हणाली, "साउना माणसांसाठी असते, मी सांगितलं होतं." पण तिनं त्याच्यासमोर कॉफी ठेवली आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला. आमच्याकडं असं कुणी करत नाही.

मारलेली हरणं गावाला दाखवायला चौकातल्या खांबावर टांगतात; त्या वर्षी नऊ टांगली. त्यातली चार सुलोच्या सरळ दांडीच्या रायफलींची. वर्नरचं शिंगांना आठ टोकं असलेलं होतं. कॅप्टनना काही मिळालं नाही. दोन दिवस बसले, एक दिसलं, दुर्बिणीतून नीट दिसलं म्हणाले, पण मादी होती, परवाना नराचा. रायफल तेल लावून परत केली.

मग हिवाळा आला आणि काम थांबलं. डिसेंबरात एकही रायफल आली नाही. जानेवारीत नाही. लोक वाईट बोलत होते असं नाही, रस्त्यात भेटले की बोलायचे. पण रायफल आणायचे नाहीत. सुलो लोकांच्या छपरांवरचं बर्फ काढायला जायचा. मी एकदा म्हणाले, गप्प बसला असतास तर. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी परत कधी ते वाक्य उच्चारलं नाही. आणि आता वाटतं, बरं झालं उच्चारलं एकदा, कारण त्या नजरेत कुठंही पस्तावा नव्हता. ते मी बघितलंय. पाद्रीनं नाही.

मार्चमध्ये एका सकाळी दाराशी पोरांची बर्फगाडी ओढत कॅप्टन आले. मिसेस पेंगेली मागून ढकलत होत्या. गाडीवर पोत्यात काहीतरी जड. सुलोनं पोतं उघडलं तर तांब्याचा गोळा. मी तो ओळखला, रोज पुसायचे मी तो. कॅप्टननी तरुणपणी खाणीतून स्वतः काढलेला, बैठकीच्या खिडकीत ठेवलेला, कुत्र्याएवढा. गावात कुणी पाहुणा आला की आधी त्यापुढं उभा करायचे.

"याचं काय करू?" सुलो म्हणाला.

"ओलं फडकं वाळतं," कॅप्टन म्हणाले. "तांबं वाळत नाही. चाळीस वर्षं मी हे खणलंय, गरमी कशी ओढून घेतं ते मला शिकवू नको. दोन भाग कर, मध्ये बोल्ट बसेल अशी खोबण पाड, आवळून धर. गरमी आत जायच्या आधी हे पिऊन टाकेल."

"कापावं लागेल, कॅप्टन."

"मग काप. नाहीतरी धूळ खात पडलंय."

"धूळ?" मिसेस पेंगेली म्हणाल्या. "इंपी, ऐकलंस? धूळ म्हणे!"

तांबं करवतीला चिकटतं, दात भरतात. सुलोला ते कापायला आणि खोबण पाडायला सहा दिवस लागले, आणि सहाही दिवस कॅप्टन येऊन स्टुलावर बसायचे आणि तो कसा चुकीचं कापतोय ते सांगायचे. लाहतीच्या भावाचं गॅरेज होतं, त्यानं गॅसची ज्योत दिली.

सातव्या दिवशी आम्ही गॅरेजमध्ये गेलो. वर्नर होता, आणखी काही माणसं होती, कुणी बोलावलं नव्हतं. कॅप्टनच्या रायफलीसाठी सुलोनं लाहतीच्या पिंपातला नवा बोल्ट मापून आणला होता. तो तांब्यात बसवला, आवळला. दांडी एका बाजूनं बाहेर, पुढचे कान दुसऱ्या बाजूनं. ज्योत पेटवली.

कॅप्टन पुढं झाले, हातमोजा काढला आणि बोल्टच्या पुढच्या टोकावर, त्या दोन कानांवर, उघडा तळहात ठेवला.

"कॅप्टन, हात काढा," सुलो म्हणाला.

"तू तुझं काम कर."

"भाजेल."

"भाजलं तर तुला आणि मला दोघांनाही कळेल. पेटव नीट."

सुलोनं ज्योत दांडीवर धरली. दांडी काळी झाली, मग जांभळट, मग लाल, मग चेरीसारखी. मी कॅप्टनच्या तोंडाकडं बघत होते. त्यांनी डोळे मिटले होते, ऐकत असल्यासारखे.

"थंड आहे," ते म्हणाले. "वाकव, सुलो."